वाळले म्हणजे मेले नव्हे : उद्यान विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, महानगरपालिका

प्रत माहितीसाठी : वृक्ष प्राधिकरण आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : ओढ्याकाठच्या सार्वजनिक उद्यानातील बहुवर्षायू वनस्पतींचा वाफा उखडून टाकल्याबाबत.

महोदय,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे उद्यानात फिरायला गेले, तेव्हा ओढ्याकडच्या उतारावर जेसीबी घरघरत होता आणि नऊ पावसाळे पाहिलेला आमचा वाफा मुरमाच्या ढिगात मिसळून गेला होता. कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमांना मी विचारले, तेव्हा त्यांनी अगदी नम्रपणे सांगितले, "मॅडम, सगळं वाळून गेलं होतं. मेलेलंच होतं ते. आता इथं छान लॉन होणार आहे." त्या गृहस्थांवर माझा राग नाही, वरून जे सांगितले गेले तेच त्यांनी मला सांगितले. परंतु वाळलेले ते मेलेले ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. ती आपल्या विभागाच्या निविदांत, मोजमाप पुस्तकांत आणि पाहणी अहवालांत मुरलेली आहे, आणि ती तशीच राहिली तर या शहरात बहुवर्षायू वनस्पतींची कोणतीही बाग एका उन्हाळ्यापलीकडे टिकणे कठीण आहे. म्हणूनच हे पत्र मी केवळ आवक-जावक विभागात न देता सर्वांसमोर ठेवत आहे.

माझा या जागेशी संबंध काय, हे आधी सांगणे योग्य होईल. मी कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर, २०१६ च्या जूनमध्ये, आपल्याच विभागाच्या लेखी पत्राने ही उताराची साडेतीन गुंठ्यांची पट्टी आमच्या सकाळच्या फिरणाऱ्यांच्या गटाकडे देखभालीसाठी सोपवण्यात आली, कारण तिथे लॉन धरत नव्हते आणि दर पावसाळ्यात वरच्या रस्त्याचे पाणी माती घेऊन ओढ्यात उतरत होते. तेव्हा त्या जागेवर जुन्या झाडांखाली गाजर गवत, घाणेरी आणि कोणीतरी पूर्वी 'जमीन झाकण्यासाठी' लावलेला वेडेलिया एवढेच होते. या वेडेलियाचे बोटभर पेर जमिनीत राहिले तरी ते पुन्हा मुळे धरते. तो हाताने उपटण्यात आमचे दोन पावसाळे गेले. पहिल्या वर्षी आम्ही लावलेल्या रोपांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रोपे गेली. त्यातली शतावरी तर माझ्याच चुकीने गेली. पाणी साचते अशा खालच्या अंगाला मी ती लावली आणि तिची मुळे कुजली. आयुष्यभर मुलांना मुळांचे प्रकार शिकवणाऱ्या बाईकडून हे व्हावे, याची मला आजही लाज वाटते.

पण हळूहळू जागेने आम्हाला शिकवले. वरच्या कडेला, जिथे रस्त्याचे पाणी पहिल्यांदा येऊन आदळते, तिथे आम्ही वाळ्याचे दोन समांतर पट्टे लावले. वाळ्याची मुळे आजूबाजूला न पसरता सरळ खाली उतरतात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतही जातात, आणि वरच्या दाट पात्यांशी पाण्याचा वेग मोडून गाळ तिथेच बसतो. त्याखाली पवना, मारवेल आणि डोंगरी गवत यांचे ठोंब, ठोंबांच्या मधल्या जागेत सफेद मुसळी आणि कळलावी, जुन्या आपट्याच्या सावलीत रानहळद, कडेला धायटी, निर्गुडी, अडुळसा आणि कोरांटी, आणि अगदी खाली ओलाव्यात पेव, अशी ती मांडणी होती. कुसळी आम्ही लावली नव्हती, कारण तिची कुसळे साड्यांत आणि पायमोज्यांत घुसतात. तरीही ती आपण होऊन आली, तेव्हा तिला वाटेपासून दूरचा एक कोपरा देऊन टाकला.

या वाफ्याला वर्षभराचे वेळापत्रक होते. मृगाच्या दोन सरी झाल्या की आपट्याखाली रानहळदीची गुंडाळलेली पाने जमीन फोडून वर येत. श्रावणात पेवाची पांढरी, कागदासारखी चुरगळलेली फुले उमलत, भाद्रपदात कळलावी आपल्या पानांच्या टोकांनी गवताच्या काड्यांना धरून वर चढे. पाऊस सरला की कोरांटी पिवळी होई, थंडीत पवना आणि डोंगरी गवत सोनेरी होऊन मुनियांचे थवे त्याच्या बियांवर उतरत, आणि शिमग्याच्या सुमारास धायटीच्या लाल नळ्यांवर शिंजीर लटकलेले दिसत. त्यानंतर मात्र चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत वरून पाहणाऱ्याला तिथे पेंढ्याखेरीज फारसे काही दिसत नसे. आपला जेसीबी नेमका त्या दिवसांत आला.

महोदय, आपण स्वतः कृषी किंवा उद्यानविद्येचे शिक्षण घेतलेले असाल, त्यामुळे पुढील मजकूर आपल्यासाठी नसून हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी आहे. दख्खनच्या पठारावर पाऊस चार महिन्यांत येतो आणि उरलेले आठ महिने जमीन त्याच पाण्यावर काढते. थंड प्रदेशातील झाडे जशी बर्फाच्या दिवसांत झोपतात, तशी इथली कित्येक बहुवर्षायू झाडे ग्रीष्मात झोपतात. कळलावी, मुसळी, रानहळद यांचा जमिनीवरचा भाग पूर्णपणे नाहीसा होतो आणि सगळा साठा कंदात किंवा मुळांत जातो. गवताचा ठोंब वरून वाळलेला दिसला तरी मातीलगतचे त्याचे डोळे जिवंत असतात. गवत चैत्रात वाळले नाही, तर त्याला कुठून तरी नळाचे पाणी मिळते आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. हळदीचा पाला वाळला म्हणून कोणी शेत सोडून देत नाही. तो वाळल्यावरच कंद तयार झाला असे समजतात.

त्या मंगळवारी जेसीबी गेल्यावर मी आणि आमच्या गटातील दोघीजणी मुरमाच्या ढिगापाशी बसून हाताने माती चाळत होतो. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा दोन फाट्यांचा असतो, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. त्या फाट्याच्या टोकाला डोळा असतो; टोक मोडले की बाकीचा कंद कितीही जाडजूड असला तरी त्याला कोंब येत नाही. आम्हाला मिळालेले बहुतेक कंद टोकाशीच मोडलेले होते. आतून ते पांढरेशुभ्र, ओले आणि कडक होते. ज्याला मेलेले म्हटले गेले होते त्याचा ओलसर चीक माझ्या बोटांना लागत होता. टोके शाबूत असलेले सतरा कंद आम्ही रुमालात बांधून घरी नेले.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली तक्रार पद्धतीविषयी आहे. ज्या विभागाने लेखी पत्राने जागा देखभालीस दिली, त्याने ती परत घेताना एक ओळसुद्धा कळवले नाही. 'सुशोभीकरणाचे काम प्रगतिपथावर' असा फलक लागला तो काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. नंतर मी कार्यालयात जाऊन कागद पाहिले, तेव्हा कामाच्या अंदाजपत्रकात या पट्टीचा उल्लेख 'मोकळ्या जागेतील झाडोरा साफ करणे' असा केलेला आढळला. याचे कारण उघड आहे. महाराष्ट्र नागरी क्षेत्रे झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना होते आणि त्या गणनेत आमचा आपटा आणि दोन करंज नोंदलेले आहेत. गवत, कंद आणि जमिनीलगतची झुडपे यांची नोंद करणारी कोणतीही वही आपल्या विभागात नाही. त्यामुळे चाळीसहून अधिक जातींच्या वनस्पती असलेली जागा कागदावर तीन झाडे असलेली मोकळी जमीन ठरली. इंग्रजी अमदानीत गवताळ जमिनींना 'पडीक' म्हणण्याची जी सवय लागली, ती आपल्या अंदाजपत्रकात अजून शाबूत आहे.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तक्रार देयकाच्या रीतीविषयी आहे. उद्यान देखभालीच्या ठेक्यात मोजता येईल त्यालाच पैसे मिळतात : इतके चौरस मीटर लॉन अंथरले, इतकी हंगामी रोपे पुरवली, इतके पेव्हर ब्लॉक बसवले, इतके कर्बस्टोन रंगवले. पेटुनिया, डायन्थस, साल्विया यांची रोपे पिशवीतून काढून लावायची, ती दोन-तीन महिन्यांत संपली की उपटून नवी लावायची आणि पुन्हा मोजमाप पुस्तकात नोंद करायची, हे चक्र ठेकेदाराला परवडते. याउलट दोन वर्षे तण काढत राहणे, उन्हाळ्यात हात न लावणे, तिसऱ्या वर्षी ठोंब फोडून दुसरीकडे लावणे, या कामांना आपल्या दरसूचीत बाबच नाही. न लावण्याचे, न उपटण्याचे आणि वाट पाहण्याचे पैसे कोण देणार? जोवर ही रीत बदलत नाही, तोवर चांगल्या मनाचा अधिकारीही काही करू शकणार नाही, हे मी समजून आहे. म्हणूनच ही तक्रार कोणा व्यक्तीविरुद्ध नाही.

तिसरी तक्रार पाण्याविषयी. वाफ्याच्या वरच्या सपाट भागात आता सुमारे २०० चौरस मीटर मेक्सिकन लॉन अंथरलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्याला हिरवे ठेवायचे तर दिवसाला निदान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागेल, म्हणजे रोजचे १,००० लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर दहा दिवसांत संपेल. आमच्या वाफ्याला पहिल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही बादलीने पाणी घातले आणि त्यानंतर सात वर्षे पावसाखेरीज एक थेंबही दिला नाही. ज्या शहरात उन्हाळ्यात वस्त्यांना एक दिवसाआड पाणी मिळते, तिथे हा हिशेब जाहीरपणे मांडला जावा एवढीच अपेक्षा आहे.

उतारावर लॉन टिकणार नाही, हे बहुधा आपल्या अभियंत्यांच्याही लक्षात आले असावे, कारण तिथे प्लास्टिकचे गवत पसरवले आहे. त्याखाली मुरूम ठोकून घट्ट केला आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याचे पाणी त्या हिरव्या चटईवरून घसरगुंडीसारखे खाली आले, वाळ्याने नऊ वर्षांत अडवून ठेवलेला गाळ घेऊन ओढ्यात गेले, आणि खालच्या पायवाटेवर घोटाभर चिखल झाला. आपल्या सफाई कर्मचाऱ्यांनी तो दोन दिवस फावड्याने उपसला. मे महिन्यातील दुपारी त्याच चटईवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. ज्यांना खात्री करून घ्यायची आहे त्यांनी पुढच्या वैशाखात एक वाजता येऊन पाहावे.

अडुळशाच्या दोन पानांना जाळ्याच्या धाग्यांनी शिवून वटवट्या दर पावसाळ्यात तिथे घरटे करीत असे. यंदा त्याचा आवाज नाही. ही तक्रार कोणत्या शीर्षाखाली नोंदवावी ते मला ठाऊक नाही.

आपल्या विभागाच्या बाजूने मांडले गेलेले आक्षेपही मी ऐकले आहेत आणि ते सगळेच पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. वाळलेल्या गवताला आग लागण्याची भीती खरी आहे. त्यावर उपाय असा की सगळे गवत एकाच वेळी न कापता शिमग्यानंतर वाटेलगतचा दोन मीटरचा पट्टा जमिनीसरसा कापावा आणि उरलेल्या भागाचा दरवर्षी एक तृतीयांश गुडघ्याइतका उंच ठेवून छाटावा. पोकळ वाळक्या दांड्यांत एकट्या राहणाऱ्या लहान मधमाश्या अंडी घालतात, त्यांना उरलेला भाग मिळतो. सापांची तक्रार काही रहिवाशांनी केली होती. आम्हाला नऊ वर्षांत तीनदा धामण दिसली आणि ती प्रत्येक वेळी आमच्याआधी पळाली, तरीही मुलांच्या खेळण्याच्या जागेपाशी अशी लागवड असू नये, हे मला मान्य आहे. कळलावी विषारी आहे, म्हणून ती आम्ही कुंपणाच्या आत, हात पोहोचणार नाही अशा जागी लावली होती आणि तसा फलकही होता. डासांचा आक्षेप मात्र मला समजला नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, गवतात नव्हे. आणि नव्याने बसवलेले कारंजे पंप बिघडल्यामुळे जुलैपासून बंद असून त्याच्या हौदात स्वच्छ पाणी साठलेले आहे. त्याकडे आपल्या आरोग्य विभागाचे लक्ष वेधावे, ही विनंती.

राहिला प्रश्न दिसण्याचा. लोकांना हिरवे आणि रंगीत आवडते, असे मला सांगण्यात आले. झेंडू, शेवंती, गुलाब यांना माझा कसलाही विरोध नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा असला तरी त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, आणि शेवंती तर चीनहून आलेली असूनही स्वतः बहुवर्षायूच आहे. परकी झाडे नकोत असा सोवळेपणा या पत्रात शोधू नये. मुद्दा एवढाच की लोकांना काय आवडेल हे बऱ्याच अंशी त्यांना काय दाखवले जाते यावर ठरते. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा उद्यान आहे. २००६ पासून वृक्ष-अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीतून वेडी बाभूळ काढली गेली. तिची मुळे खडकात इतकी खोल गेली होती की पिढीजात दगडफोडीचे काम करणाऱ्या खांडवालियांना छिन्नी-हातोडीने ती काढावी लागली. मग तिथे थरच्या वाळवंटातील गवते, झुडपे आणि शेरासारख्या वनस्पती लावल्या गेल्या. ते उद्यान वर्षातले बरेच महिने तपकिरी असते आणि तरीही लोक तिकीट काढून ते पाहायला जातात. न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ मध्ये खुल्या झालेल्या हाय लाइन उद्यानात डच उद्यानरचनाकार पीट ऑडॉल्फ यांनी बहुवर्षायू झाडांची रचना केली. रूळांमध्ये आपोआप उगवलेल्या रानटी झाडोऱ्यावरूनच तिची कल्पना सुचली होती. तिथे वाळलेली बोंडे आणि काड्या हिवाळाभर मुद्दाम उभ्या ठेवतात आणि वसंताच्या तोंडाशी स्वयंसेवकांच्या मदतीने छाटतात. तिथली झाडे इथे आणावीत असे मी सुचवत नाही. त्यांनी आपला मेलेला ऋतू लपवला नाही, एवढेच मला दाखवायचे आहे. त्यांचा तो ऋतू पौष-माघात येतो, आपला चैत्र-वैशाखात.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

(१) उतारावरील प्लास्टिकचे गवत आणि त्याखालचा ठोकलेला मुरूम काढून ती जागा पुन्हा लागवडीस मोकळी करावी. वरच्या सपाट भागातील लॉन लगेच काढण्याचा माझा आग्रह नाही. खर्च झालेलाच आहे, मुलांना ते खेळायला मिळू द्यावे.

(२) जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत शहरातील उद्याने, ओढ्यांचे काठ आणि टेकड्यांवरील गवते, कंद व झुडपे यांची जागेनिशी नोंद करावी आणि उद्यान विभागाच्या कोणत्याही कामाचे अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी ती पाहणे बंधनकारक करावे. ही पाहणी पावसाळ्यात व्हावी. मे महिन्यात केलेल्या पाहणीत कंद दिसत नाहीत.

(३) दरसूचीत बहुवर्षायू लागवडीसाठी स्वतंत्र बाब घालावी. तिचा ठेका किमान तीन वर्षांचा असावा आणि रकमेचा मोठा हिस्सा दुसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत असलेल्या झाडांवर द्यावा. माळ्यांना तण आणि रोप यांतील फरक ओळखण्याचे शिक्षण द्यावे. हे शिकवण्यासाठी मी आणि माझे दोन माजी सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत.

(४) महापालिकेच्या रोपवाटिकेत पवना, मारवेल, धायटी, कोरांटी, निर्गुडी अशी स्थानिक रोपे तयार करावीत. आज ती मागितली तर दुरंता आणि पाम दाखवले जातात.

(५) नागरिकांच्या देखभालीतील जागा परत घ्यायची असल्यास तीस दिवसांची लेखी सूचना द्यावी.

यांपैकी पहिल्या मागणीला वेळेचे बंधन आहे. आम्ही नेलेल्या सतरा कंदांपैकी अकरांना मृगात कोंब आले आणि ते सध्या माझ्या गच्चीत कुंड्यांमध्ये आहेत. त्यांपैकी एकाला ऐन गौरी बसल्या त्या दिवशी फूल आले. कोकणात कळलावीला गौराईचे हात का म्हणतात ते शेजारच्या मुलीला मला समजावून सांगता आले. मार्गशीर्षापर्यंत या वेली पूर्ण वाळतील आणि कंद झोपी जातील. पुढच्या रोहिणी नक्षत्राआधी ते जमिनीत गेले पाहिजेत, त्यामुळे मार्चअखेरपर्यंत आपला निर्णय कळावा. तोवर घरात कोणी चुकून फेकून देऊ नये म्हणून मी प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी चिकटवली आहे : 'वाळले तरी टाकू नये.'

आपली विश्वासू,
ओढ्याकाठच्या उद्यानात रोज फिरायला येणारी एक निवृत्त शिक्षिका